‘नासा’ची सहल : कर्ज काढून पाठवावं का?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शाळा ‘नासा’ची सहल काढतेय, खर्च काही लाखांत. ती हट्ट धरून बसलीय. कर्ज काढावं का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : कर्ज काढू नका. अशा सहली ‘नासा’ काढत नाही, खासगी सहल कंपन्या काढतात. फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राचं प्रेक्षक संकुल तिकीट काढून कुणालाही पाहता येतं. तेव्हा पत्रकात ‘नासातर्फे निवड’ असं छापलं असेल, तर शाळेला जाब विचारा.

पाहण्यासारखं तिथे अफाट आहे, हेही खरं. सुमारे ११० मीटर लांबीचं सॅटर्न-५ रॉकेट आडवं ठेवलंय. त्याच्या बुडाची पाच प्रचंड इंजिनं मान वर करून पाहावी लागतात. ‘अटलांटिस’ यान तर मालकक्षाची दारं उघडून तिरकं मांडलंय, अगदी अंतराळात असल्यासारखं. ऐपत असेल तर जरूर पाठवा. पण आधी दिवसवार कार्यक्रम मागा. केंद्रात किती तास आणि ऑर्लँडोच्या डिस्नेत किती, ते बघा. व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या. व्हिसाची हमी कुणीच देऊ शकत नाही.

तोवर लेकीला नारायणगावजवळच्या खोडदला न्या. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जागतिक दर्जाची रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, शास्त्रज्ञांशी बोलता येतं. तिला प्रश्न लिहून न्यायला सांगा.