लेकराचे नाव

हल्ली बारशाला गेले की पाळण्यातले नाव आम्हांला दोनदा विचारून घ्यावे लागते. “महाराज, असे नाव आणखी कोणाचेच नाही,” असे आईबाप कौतुकाने सांगतात. पण अर्थ विचारला की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. तेव्हा वेगळे नाव ठेवावे की नाही, याचा थोडा विचार करू.

पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी, मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असे आहे. मुलीचे नाव उच्चारास सोपे, स्पष्ट अर्थाचे व मनास गोड वाटणारे असावे, असे मनुस्मृति म्हणते. नाव पूर्वी कोणाचे असलेच पाहिजे, अशी अट या नियमांत नाही.

आपण पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस जातो. त्या चार भावंडांची नावे पाहा. निवृत्ति म्हणजे विषयांपासून मागे फिरणे. मग ज्ञान. सोपान म्हणजे तर साधा जिना! पोराला कोणी जिना म्हणते का? पण मागे फिरावे, जाणावे, पायरी चढावी आणि मुक्त व्हावे, अशी चौघांची मिळून वाट होते. लोक त्यांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवीत होते. घरातली हाक मात्र त्यांना परमार्थ सांगत होती.

आता दगडू, धोंडू, केरू ही नावे घ्या. ज्या घरी मुले जगत नसत, तिथे दृष्ट लागू नये, काळाने या लेकराकडे पाहू नये, म्हणून आई असे नाव ठेवी. शब्द ओबडधोबड, पण आत माया. ‘नकुशी’ची गोष्ट याहून निराळी. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नाव नकुशी. शाळेच्या हजेरीत त्या पोरीने रोज ‘नको’ हाच शब्द ऐकायचा! सन 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 250 हून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. आपण नको होतो, हे लेकराला जन्मभर ऐकवणे हे पाप नव्हे काय?

भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आपल्याला ठाऊक आहे. त्याने मरतेवेळी हाक मारली ती पोराला, पण मुखी नाव आले नारायणाचे. नामदेवरायांच्या घरी नारा, विठा, गोंदा, महादा होते, ते याच भावनेने. देवाचे नाव ठेवलेत तर उत्तमच.

पण नवा शब्द निवडायचाच असेल, तर तीन गोष्टी पाहा. आजीला सहज हाक मारता यावी. चारचौघांत लेकराची मान खाली जाऊ नये. आणि ते पाच वर्षांचे होऊन “माझ्या नावाचा अर्थ काय हो?” म्हणून विचारील, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन सांगता यावा. आत्याबाईंनी कानात ‘कुर्रर्र’ करण्याआधी एवढे घरात बोलून घ्यावे. जय हरि.