रस्त्यावरील श्वासचाचणी : कायदा, शास्त्र आणि चालकाचे कर्तव्य

सोलापूरहून उमरग्यामार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ महाराष्ट्राची हद्द ओलांडून बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्यात प्रवेश करतो. पुढे हुमनाबाद येथे बिदर-कलबुर्गी मार्ग त्याला येऊन मिळतो. या रस्त्यांवर मालट्रक व प्रवासी गाड्यांची अहोरात्र ये-जा असते. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि पर्वकाळी गाणगापूरला दत्तदर्शनास निघालेल्या भाविकांच्या वाहनांची त्यात भर पडते. भालकी, औराद, आळंद या तालुक्यांतील अनेक मराठी भाषिक कुटुंबांचे सोयरेसंबंध उदगीर, निलंगा, देगलूर व अक्कलकोटकडे आहेत. त्यामुळे लग्नसराईत रात्री-अपरात्री सीमा ओलांडणे येथे नित्याचेच असते. अशा वेळी चालकाने मद्यप्राशन केलेले असेल, तर त्याच्या एका चुकीची किंमत अनेक निरपराध जीवांना मोजावी लागते.

राज्याची हद्द बदलली म्हणजे नियमही बदलतो, असा गैरसमज काही चालकांत आढळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्रीय कायदा आहे. मद्यप्राशन करून वाहन चालविण्याविषयीच्या त्यातील तरतुदी उमरग्यास जशा लागू आहेत, तशाच बसवकल्याणासही लागू आहेत.

मर्यादा कोणती?

अधिनियमाच्या कलम १८५ अन्वये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. चालक झोकांड्या खात होता किंवा नाही, हा प्रश्न तेथे गौण आहे. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने श्वासचाचणी सुरू झाली, तेव्हा ही मर्यादा ८० मिलिग्रॅम ठेवण्यात आली होती. त्या मानाने भारतीय कायदा पुष्कळच कडक आहे.

मोजमापाचा आग्रह कशासाठी, याचे उत्तर न्यायालयीन अनुभवात सापडते. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या एका अपघाताच्या खटल्यात १९७१ साली न्यायालयाने असे मत दिले की, तोंडास येणारा वास, अडखळती चाल व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन निश्चितपणे सिद्ध होत नाही. यास्तव अचूक चाचणी ही दोषी चालकाविरुद्धचा पुरावा असते, तशीच ती निर्दोष चालकाचे संरक्षणही असते.

यंत्र कसे काम करते?

पोटात गेलेले मद्य जठर व लहान आतड्यातून रक्तात शोषले जाते. रक्त फुप्फुसात येते, तेव्हा मद्यार्काचा काही अंश वाफेच्या रूपाने श्वासात उतरतो. रक्तातील व श्वासातील मद्यार्काचे प्रमाण सर्वसाधारणपणे २१०० : १ असे धरले जाते. पूर्वीच्या साधनात नळीतील पिवळसर स्फटिक मद्यार्काच्या संपर्काने हिरवे होत असत. आधुनिक यंत्रातील विद्युत्-रासायनिक घटात मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो व त्यावरून आकडा मिळतो. फुप्फुसाच्या खोल भागातील हवा यावी, म्हणून दीर्घ फुंकर मारण्यास सांगतात. मद्यार्कयुक्त औषधी द्रवाने नुकत्याच चुळा भरल्या असतील, तर तोंडातील अवशेषामुळे आकडा फुगतो. म्हणून चालकाने ती गोष्ट सांगावी. सुमारे १५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत हा दोष राहत नाही.

पान, वेलदोडा किंवा कांदा खाल्ल्याने वास झाकला जाईल, परंतु यंत्र वास मोजत नाही. थंड पाण्याने स्नान केल्याने किंवा कडक चहा घेतल्यानेही रक्तातील मद्यार्क लवकर उतरत नाही. तो कमी करण्याचे काम मुख्यतः यकृत करते आणि त्याची गती ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम असते. समजा, लग्नाच्या वऱ्हाडातील चालकाच्या रक्तात रात्री ११ वाजता १२० मिलिग्रॅम मद्यार्क आहे. पहाटे ४ वाजता तो सुमारे ४५ मिलिग्रॅम उरेल. झोप झाली, डोके हलके वाटले, तरी त्या घटकेस तो कायद्याने दोषीच ठरेल.

चाचणीची रीत

कलम २०३ अन्वये गणवेशधारी पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा प्राधिकृत अधिकारी, संशयास वाजवी कारण असल्यास, चालकास तेथेच अथवा जवळपास श्वासाचा नमुना देण्यास सांगू शकतो. यंत्राने मद्यार्क दर्शविल्यास पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. संशयित चालकाने नमुना देण्यास नकार दिल्यासही अटक होऊ शकते. पोलीस ठाण्यात नेल्यावर पुन्हा श्वासचाचणीची संधी देणे आवश्यक आहे.

कलम २०४ अन्वये नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीमार्फत रक्ताचा नमुना घेता येतो. चालक स्त्री असून डॉक्टर पुरुष असल्यास, तो नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. विनाकारण रक्त देण्याचे नाकारल्यास ती बाब न्यायालयात चालकाविरुद्ध विचारात घेतली जाऊ शकते. अधिकाऱ्यादेखत गुन्हा घडून कलम १८५ खाली अटक झाली असेल, तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अन्यथा त्या व्यक्तीस मुक्त करावे लागते. अपघातानंतर चालक रुग्णालयात असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवावे लागते. उपचारास बाधा येईल, असे त्यांचे मत पडल्यास चाचणी घेता येत नाही.

शिक्षा

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय कलम २० अन्वये दोषी चालकास किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविले जाते. ज्याची चूल स्टिअरिंगवर पेटते, त्याच्या कुटुंबास ही शिक्षा दंडाहून जड वाटेल. अशा गुन्ह्यास साहाय्य करणाऱ्यासही कलम १८८ प्रमाणे तीच शिक्षा आहे, हे वाहनमालकांनी ध्यानात ठेवावे.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे मुंबईतील कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. त्यात सात जण मृत्युमुखी पडले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. शिक्षा झाली, परंतु गेलेले सात जीव परत आले नाहीत.

श्वासचाचणीचे महत्त्व येथेच आहे. अपघातानंतरचा न्याय उशिरा येतो. रस्त्याच्या कडेला घेतलेली दोन मिनिटांची चाचणी मात्र अपघाताच्या आधी येते. म्हणून वऱ्हाड निघण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी, माल भरण्यापूर्वी मालकाने आणि गाडीत बसण्यापूर्वी प्रवाशाने चालकाची अवस्था पाहावी. त्याने मद्य घेतले असेल, तर किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी किंवा मुक्काम वाढवावा. एका रात्रीचा खोळंबा सोसता येतो, घरातला कर्ता माणूस गेल्याचे दुःख जन्मभर सरत नाही.