टाचेचा रोजनामा

टाचेमागची जी जाड, दोरखंडासारखी कंडरा चालताना सबंध देहाचा भार पेलते, आणि लोक जिला सरसकट 'शीर' म्हणतात, ती अकिलीस कंडरा एकदा जुनाट दुखण्याच्या वाटेला लागली, की धावपटूला महिनोन्‌महिने छळते. आणि असा रुग्ण समोर बसून 'डॉक्टर, कमीजास्त होतंय' एवढेच सांगतो, तेव्हा ते केव्हा, किती आणि कशानंतर, याचा काहीच तपशील त्याच्यापाशी नसतो.

वाचकहो, या व्याधीवरचा मुख्य उपाय गोळीत नसून व्यायामात आहे. 1998 साली स्वीडनमधील हॉकन अल्फ्रेडसन यांनी 15 हौशी धावपटूंना, पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली सोडावयास आणि निरोगी पायाच्या बळावर पुन्हा वर येण्यास सांगितले: गुडघा ताठ ठेवून व किंचित वाकवून, प्रत्येकी 15 वेळांच्या 3 फेऱ्या, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज 180 वेळा, सलग 12 आठवडे, आणि ते सर्वजण पुन्हा धावू लागले. एवढी मुदत नेटाने पाळणे हेच कठीण, आणि येथेच खिशातला मोबाईल उपयोगी पडतो.

वेळेची आठवण तो देईलच; परंतु त्याहून मोलाची आहे ती सकाळची नोंद. अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताच वेदनेला 0 ते 10 मधला अंक द्यावा. व्यायाम करताना 5 पर्यंतची वेदना चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ती ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षकांनी असा रोजनामा उघडून दाखविला: रविवारी टेकडीवर धावले, संध्याकाळी 2, सोमवारी सकाळी 6, पुढचे दोन्ही रविवार तसेच. टाच उगाचच उठते, असे ते समजत होते. तीन सोमवारांच्या साक्षीने चढाचा दोष उघड झाला, आणि आम्ही चढ बंद केला, धावणे नव्हे.

मनगटावरचे घड्याळ पावले व अंतर मोजते. कंडरेला किती भार सोसवेल याचा निवाडा त्याला करता येत नाही, आणि 10,000 चा आकडा पुरा व्हावा म्हणून दुखऱ्या टाचेने घरात येरझारा घालणारे रुग्ण पाहून मला फार वाईट वाटते.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलताना मोबाईल जमिनीलगत ठेवून व्यायाम करून दाखवावा, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक नुकतेच घेतले असल्यास ते न विसरता सांगावे, कारण त्याने कंडरेला इजा पोहोचू शकते. मात्र पोटरीखाली 'फट्' असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर कॉलची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.