सल्लागार नेमला, पण गज कोणाच्या हाती?

शाश्वत विकास आणि सुशासन यांच्या राष्ट्रीय उद्दिष्टांवर देखरेख करण्यासाठी सल्लागार पाहिजे, अशा जाहिराती सरकारी खात्यांकडून व संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडून अधूनमधून निघत असतात. आपले बहुतेक दुकानदार आणि कारागीर बंधू त्या वाचून पान उलटतात. हा साहेब लोकांचा मामला आहे, आपला काय संबंध, असे त्यांना वाटते. वास्तविक संबंध फार जवळचा आहे. हा सल्लागार जे मोजतो ते सरकारच्या कागदावर येते, आणि जे कागदावर येते त्याच्यासाठीच पुढे पैसा निघतो. जे मोजलेच गेले नाही, ते सरकारच्या नजरेला दिसत नाही. म्हणून हा विषय व्यापारी पद्धतीने, हिशेबाने समजून घेतला पाहिजे.

उद्दिष्टे कोणती?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे मान्य केली. त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत आणि मुदत २०३० ची आहे. गरिबी व भूक संपवणे, शिक्षण, आरोग्य, पाणी, रोजगार, उद्योग, विषमता कमी करणे अशी ती आहेत. सोळावे उद्दिष्ट शांतता, न्याय आणि भरवशाच्या संस्था, म्हणजेच सुशासन, यांचे आहे. "कोणालाही मागे ठेवायचे नाही" हे या सर्वांचे सूत्र आहे.

आपल्या देशात या कामाची सूत्रे नीती आयोगाकडे आहेत. आयोगाने २०१८ मध्ये पहिला निर्देशांक काढला, तेव्हा देशाला १०० पैकी ५७ गुण मिळाले. २०१९-२० मध्ये ६०, २०२०-२१ मध्ये ६६ आणि २०२३-२४ मध्ये ७१ गुण झाले. प्रगती झाली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कापडाचा व्यापारी येथे एक प्रश्न विचारील. गज तोच होता काय? पहिल्या वेळी ६२ निर्देशकांवर मोजणी झाली, शेवटच्या वेळी ११३ निर्देशकांवर. गजाची लांबी बदलली म्हणजे लबाडी झाली असे नाही. मोजणी अधिक बारीक झाली असेही म्हणता येईल. पण दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. निर्देशांक वाचण्याचा हा पहिला धडा आहे.

दिल्लीहून आंबीपर्यंत

हे मोजमाप आता गावापर्यंत आले आहे. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने १७ उद्दिष्टांच्या ९ संकल्पना केल्या: गरिबीमुक्त व उपजीविका वाढवणारे गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिक न्याय व सुरक्षा असलेले गाव, सुशासन असलेले गाव आणि महिलास्नेही गाव. त्यावरून ग्रामपंचायतींना गुण द्यायचे ठरले. या पद्धतीचा अहवाल जून २०२३ मध्ये निघाला. त्याआधी तिची चाचणी महाराष्ट्रातील पुणे, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत घेण्यात आली होती. म्हणजे आंबीसारखे मावळातले गाव ज्या जिल्ह्यात आहे, तो जिल्हा या गजाच्या पहिल्या वापरातच होता.

पुढे २०२२-२३ या वर्षासाठी सर्व देशाचा पाया-अहवाल तयार झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४३५ निर्देशक होते आणि २,१६,२८५ ग्रामपंचायतींची माहिती तपासून घेतली गेली. ९० गुणांच्या वरच्या पहिल्या श्रेणीत एकही पंचायत आली नाही. ७५ ते ९० गुणांच्या श्रेणीत ६९९, ६० ते ७५ मध्ये ७७,२९८, ४० ते ६० मध्ये १,३२,३९२ आणि ४० च्या खाली ५,८९६ पंचायती आल्या. इतके निर्देशक भरणे ग्रामसेवकाला जड जाते, म्हणून नंतरच्या फेरीत त्यांची संख्या बरीच कमी करण्यात आली.

सल्लागाराचे काम काय?

एवढी मोजणी खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून होत नाही, म्हणून सल्लागार नेमला जातो. त्याची कामे ढोबळमानाने चार असतात. एक, काय मोजायचे ते ठरवण्यास मदत करणे. दोन, आजची स्थिती नोंदवून पाया पक्का करणे. तीन, ठरलेल्या मुदतीने माहिती गोळा करून तिची खातरजमा करणे. चार, अहवाल लिहून कोठे कमी पडते ते सांगणे.

यात चुकीचे काहीच नाही. आपणही हिशेबाला मुनीम आणि कराच्या कामाला सल्लागार ठेवतोच. पण मुनीम ठेवला म्हणून शेठची जबाबदारी संपत नाही. वहीत काय लिहायचे हे शेठने सांगितले नाही, तर मुनीम त्याला सोयीचे तेवढेच लिहील. सल्लागाराचेही तसेच आहे. येथे तीन खोट्या मापांपासून सावध राहावे लागते.

पहिले खोटे माप सरासरीचे. समजा, एका गावात ९०० घरे आहेत आणि ८६० घरांत नळ आहे. अहवालात ९५ टक्क्यांहून अधिक घरांत नळ, असे छान लिहिले जाईल. पण उरलेली ४० घरे एकाच वस्तीत असतील आणि ती वस्ती भाड्याने राहणाऱ्या मजुरांची असेल, तर त्या वस्तीपुरता आकडा शून्य आहे. ताग्याची वरची घडी चांगली म्हणून सारा तागा चांगला ठरत नाही. तो उलगडून पाहावा लागतो. म्हणून आकडे वस्तीवार मागितले पाहिजेत.

दुसरे खोटे माप म्हणजे कामालाच फळ समजणे. शिवणकामाचे वर्ग १० झाले, ३०० बायकांना प्रमाणपत्रे दिली, असे लिहिणे सोपे असते. त्यांच्यापैकी किती जणींच्या हाताला वर्षभरानंतर काम आहे आणि महिन्याला काय पडते, हे मोजणे कठीण असते. सल्लागाराला पैसा द्यायचा तो या कठीण कामासाठीच. सोपे काम तर ग्रामपंचायतीचा कारकूनही करील.

तिसरे खोटे माप म्हणजे मोठे मोजून लहान सोडणे. तळेगाव एमआयडीसीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईने ताब्यात घेतला. मधली तीन वर्षे तेथे मोटार बनत नव्हती, तरी शेड उभी होती आणि भूखंड औद्योगिकच होता. अशा काळात आंबी परिसरातील चहावाला, वेल्डर, गणवेश शिवणारा शिंपी, भंगारवाला यांच्या गल्ल्यात काय पडले, हे भूखंडांची संख्या मोजून कधीच कळणार नाही. त्यासाठी त्यांच्या दुकानापर्यंत जावे लागते.

नेमणुकीचे नियम

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार नेमण्याची पद्धत दिली आहे. आधी कामाची गरज आणि व्याप्ती लेखी ठरवायची, मग इच्छुकांची यादी करायची आणि मग प्रस्ताव मागवायचे. निवड गुणवत्ता व किंमत दोन्ही पाहून करता येते, आणि त्यात गुणवत्तेचे वजन ८० टक्क्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. काम सरधोपट असेल तर पात्र लोकांपैकी सर्वांत कमी दर मागणाऱ्याला देता येते. स्पर्धा न करता एकालाच नेमणे हा अपवाद आहे आणि त्याचे कारण लेखी द्यावे लागते. काम चालू असताना खात्याने त्यावर सतत लक्ष ठेवावे, असेही नियमच सांगतात.

रंगाईचे काम ज्याने दिले आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल. फक्त दर पाहून रंगारी निवडला तर पहिल्या धुण्यातच रंग जातो. फक्त नाव पाहून निवडला तर भाव परवडत नाही. आधी नमुना पाहायचा, मग दर बोलायचा आणि माल हाती येईपर्यंत डोळा ठेवायचा.

करारात काय असावे?

पंचायत असो, व्यापारी संघटना असो की जमातीचा ट्रस्ट असो, कोणीही असे काम बाहेरच्या माणसाला देताना पुढील सहा गोष्टी लेखी घ्याव्यात.

१) काय मोजायचे आणि ते कशासाठी, हे साध्या मराठीत.
२) आजचा आकडा. पाया नसेल तर पुढच्या वर्षी काय वाढले ते सांगता येणार नाही.
३) माहिती कोठून घेणार: कचेरीतल्या रजिस्टरातून की घरोघर जाऊन.
४) आकडे वस्तीवार, धंद्यावार आणि स्त्री-पुरुष असे वेगळे.
५) पैसा टप्प्याटप्प्याने. शेवटचा हप्ता अहवाल ग्रामसभेपुढे किंवा सभासदांपुढे वाचून दाखवल्यावरच.
६) माहितीचे मूळ कागद नेमणाऱ्याच्या मालकीचे. सल्लागार गेला तरी वही राहिली पाहिजे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही शिकवण कुरआन शरीफच्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे. सूरह मुतफ्फिफीन तर माप मारणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्यानेच सुरू होते. घेताना पुरे घेणे आणि देताना कमी देणे, हा दोष केवळ तराजूवर बसलेल्यालाच लागतो असे नाही. लोकांची गरज मोजायला बसला आणि गरिबाला मोजायचा राहिला, तर तेही माप मारणेच आहे. मोजणी ही अमानत आहे.

आपली गणना कोठे आहे?

मिल्लतच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. मुस्लिम समाजाची स्थिती आकड्यांत मांडणे हे त्या अहवालाचे मोठे काम होते. वेगवेगळ्या समाजांची माहिती एका जागी ठेवणारी राष्ट्रीय माहिती पेढी असावी आणि योजनांचा लाभ कोणाला पोहोचतो हे तपासणारी स्वायत्त यंत्रणा असावी, अशा शिफारशी समितीने केल्या होत्या. देखरेखीची गरज म्हणजे नेमकी हीच.

परंतु केवळ तक्रार करून आकडा वाढत नाही. आपले किती कारागीर कागदावर आहेत? उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला शुल्क नाही. जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यासाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्टची सोय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, कुलूप बनवणारा, चांभार, न्हावी आहेत. कापूस पिंजणारा मात्र त्या यादीत नाही. यादीत असलेल्याने नाव नोंदवावे. यादीत नसलेल्याने, आमचा धंदा का नाही, हे लेखी विचारावे. न नोंदवलेल्या धंद्याला कोणताही सल्लागार शोधत येत नाही.

आता काय करावे?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास ग्रामसभा भरते. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आंबी असो की मावळातले कोणतेही गाव, तेथे मतदार असलेल्या बंधूंनी व भगिनींनी सभेला जावे. आपल्या पंचायतीला नऊ संकल्पनांत किती गुण पडले आणि उपजीविकेच्या रकान्यात काय भरले, हे विचारावे. जेथे आकडा चुकीचा वाटेल, तेथे वाद न घालता वस्तीचे नाव आणि घरांची संख्या द्यावी. भांडणाला उत्तर मिळते, पण आकड्याची नोंद घ्यावी लागते.

एखाद्या खात्याने सल्लागार नेमला असेल तर माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्याने, १० रुपयांच्या अर्जावर कराराची प्रत, दिलेली रक्कम आणि अहवाल मागता येतो. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे कामही एक पेशा म्हणून पाहावे. वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकलेला आणि मराठी-उर्दू दोन्ही जाणणारा तरुण ज्या मोहल्ल्यात सहज माहिती मिळवील, तेथे बाहेरचा माणूस दारावरूनच परत फिरेल. ही हलाल रोजी आहे आणि समाजाची खिदमतही.

शेवटी, प्रत्येक गावच्या जमातीने एक वही करावी. किती घरे, किती कारागीर, कोणता धंदा, किती जण नोंदलेले, किती मुले शाळेत, किती बाहेर. वर्षातून एकदा, रमजानपूर्वी, ती ताजी करावी. तिला सल्लागार लागत नाही, दोन प्रामाणिक माणसे पुरतात. उद्या सरकारचा सल्लागार गज घेऊन आला, तर त्याच्या आकड्यापुढे आपलाही आकडा ठेवता येईल आणि फरक कोठे आहे ते दाखवता येईल. अल्लाह आपल्या सर्वांना खरे माप घेण्याची आणि खरे माप देण्याची तौफीक देवो.