खडकाला टेकलेला पाइन

प्रश्न : न्यू जर्सीत घराच्या पॅटिओवर कुंडीत जपानी काळा पाइन लावला आहे. रोप लहान आहे. शेजारी खडक ठेवून त्याला वळण देता येईल का?

उत्तर : देता येईल, पण वळण खडक देत नाही, तार देते. जपानच्या किनाऱ्यावरचे काळे पाइन वाकलेले दिसतात ते मुख्यतः खाऱ्या वाऱ्यामुळे. खडकाचं काम मुळांना फटीत घट्ट पकड देण्याचं. म्हणून कुंडीतही खडक आधी पक्का बसवा, अर्धा मातीत पुरून, आणि ॲल्युमिनियमच्या तारेने खोड त्याच्या दिशेने, थोडं अंतर राखून वळवा. झाड खडकालाच बांधलं तर सोपं नाही का, असं वाटेल. पण खोड जाड होत जातं. दगडावर दाबलं गेलं की साल घासते, ओल अडकते आणि जखम भरत नाही. तार शरद ऋतूच्या अखेरीस गुंडाळा, वसंतात वाढ सुरू झाली की वरचेवर तपासा आणि सालीत रुतण्याआधी कापून काढा. उलटी सोडवताना कोवळी फांदी मोडते.

दगड ग्रॅनाइट किंवा बेसाल्टचा घ्या. चुनखडी नको, पाइनला किंचित आम्लधर्मी माती मानवते. मातीत प्युमिससारखे भरड कण भरपूर हवेत, कारण साचलेलं पाणी या झाडाला थंडीपेक्षा घातक. तरी कडाक्याच्या थंडीत कुंडी भिंतीलगत ठेवून भोवती पालापाचोळा रचाच. जमिनीतल्यापेक्षा कुंडीतली मुळं लवकर गोठतात. मुळं छाटली असतील त्या वर्षी मात्र खोड वाकवू नका.