तिजोरीतली प्रत

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवली आणि तिच्यावर निघालेले चित्रपट हाती लागतील तसे पाहत आले. लंडनच्या कॉन्स्टेबल प्रकाशनाने ती १८९७ च्या मे महिन्यात काढली, पिवळ्या बांधणीवर लाल अक्षरांत. तिच्या सहवासात जे उमगलं ते इथे मांडते.

१. ही कादंबरी कागदपत्रांची आहे, हे पहिल्या पानापासून ध्यानात ठेवावं.

गोष्ट सांगणारा कुणी एक निवेदक इथे नाही. ड्रॅक्युलाच्या कामासाठी गेलेल्या वकील जोनाथन हार्करची शॉर्टहँडमधली रोजनिशी, त्याची वाग्दत्त वधू मीना आणि तिची मैत्रीण लूसी यांची पत्रं, डॉ. सेवर्डने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेल्या नोंदी, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, एका जहाजाची नोंदवही. या ढिगात ड्रॅक्युलाच्या हातच्या एखाद-दुसऱ्या चिठ्ठीपलीकडे त्याचं काहीच नाही. पहिली चार प्रकरणं तो ट्रान्सिल्व्हेनियातल्या आपल्या गढीत हार्करचा यजमान म्हणून समोर वावरतो. मग इंग्लंडला पोचतो आणि जवळजवळ नाहीसा होतो. उरतात त्याच्या खुणा: किनाऱ्यावर उडी टाकून पळालेला प्रचंड कुत्रा, खिडकीशी दाटलेलं धुकं, लूसीच्या गळ्यावरची दोन टोचणं. "मॅडम, तो दिसतच नाही," अशी मुलांची तक्रार असे. मी म्हणे, तुम्हाला त्याच्याविषयी त्या माणसांइतकंच ठाऊक आहे, किंबहुना थोडं जास्तच. आणि भीती त्या थोड्या जास्तीत आहे.

२. सातवं प्रकरण मोठ्याने वाचावं.

'डेमीटर' हे रशियन जहाज वार्ना बंदरातून मातीने भरलेल्या पेट्या घेऊन निघतं. कप्तान नोंदी लिहू लागतो. खलाशी धास्तावलेले आहेत. एक जण सापडत नाही. जहाजावर कुणी परका उंच माणूस दिसल्याचं कुणी सांगतो. सगळं जहाज धुंडाळलं जातं, हाती काही लागत नाही. मग आणखी एक जण कमी. कप्तान भला, कर्तव्यदक्ष माणूस आहे. हवामान, दिशा, गेलेल्यांची नावं तो सारख्याच शिस्तीने टिपतो. शेवटी सुकाणूवर एकटा उरतो, तेव्हा हात चाकाला बांधून घेतो, पण जहाज सोडत नाही. वर्गात हे वाचलं की मागच्या बाकावरची कुजबुजही थांबायची. वाचकाला पेट्यांत काय आहे ते माहीत असतं आणि लिहिणाऱ्याला नसतं. सगळी करामत एवढीच.

कादंबरीत हे जहाज इंग्लंडच्या ज्या गावी किनाऱ्याला लागतं, त्या व्हिटबीला स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात राहिला होता. तिथे १८८५ मध्ये 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज किनाऱ्याला लागून फुटलं होतं. त्याची हकीकत त्याने टिपून घेतली आणि 'ड्रॅक्युला' हे नावही त्याला तिथल्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात मिळालं. ट्रान्सिल्व्हेनिया त्याने कधीच पाहिला नाही. व्हिटबी मात्र पायांनी तुडवलं होतं आणि ते जाणवतं. २०२३ मध्ये या एका प्रकरणावर अख्खा चित्रपट निघाला. त्यात राक्षस फार दाखवलाय.

३. ऐकीव ड्रॅक्युला बाजूला ठेवावा.

उन्हाने तो मरतो, हे कादंबरीत नाही. तिथला ड्रॅक्युला भर दिवसा पिकाडिलीत फिरतो. फक्त त्याची शक्ती दिवसा मर्यादित असते. ऊन जीवघेणं केलं मुर्नाउच्या 'नोस्फेरातू'ने, १९२२ मध्ये. उंच कॉलरचा झगा हॅमिल्टन डीनच्या १९२४ च्या नाटकातून आला. बेला लुगोसी आधी ब्रॉडवेवर आणि मग १९३१ च्या चित्रपटात तो झगा घालून वावरला. पुस्तकातला काउंट ड्रॅक्युला सुरुवातीला पांढऱ्या लांब मिशांचा म्हातारा आहे आणि त्याच्या तळहातांवर केस आहेत. त्याचा शेवटही छातीत खुंटी ठोकून होत नाही. सूर्य मावळता मावळता हार्करची कुकरी गळ्यावर आणि त्याचा साथीदार क्विन्सी मॉरिस याचा सुरा काळजात, असा तो संपतो.

४. मीना काय करते, तिकडे डोळे लावून बसावं.

माझ्या मते कादंबरीचा कणा हाच आहे. मीना शाळेत शिकवणारी साधी मुलगी. शॉर्टहँड आणि टायपिंग शिकलेली, आगगाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असलेली. सतराव्या प्रकरणात ती सगळ्यांच्या रोजनिश्या, कात्रणं, सेवर्डचे बोल टाइप करते, तारखांप्रमाणे लावते आणि एका वेळी तीन प्रती काढते. तोवर प्रत्येकाजवळ एकेक तुकडा असतो. तिच्यामुळे पहिल्यांदा सगळ्यांना सगळं कळतं.

आणि नेमकं तेव्हाच हार्कर, सेवर्ड आणि त्यांचे साथीदार पुरुष ठरवतात की या भयंकर कामातून बाईमाणसाला आता दूर ठेवायचं. तिला काही सांगायचं नाही, तिच्यासमोर बोलायचं नाही. हेतू चांगला असतो. ते रात्री ड्रॅक्युलाने घेतलेल्या शेजारच्या घरातल्या पेट्या शोधायला जातात आणि ड्रॅक्युला मीनाच्या खोलीत येतो. तिला वाटणारा थकवा, फिकटपणा पुरुषांना दिसतो, पण कुणी कुणाशी मोकळं बोलत नसल्यामुळे अर्थ लागत नाही. स्टोकरने हे किती जाणीवपूर्वक रचलंय, हे मला दर वाचनात अधिक पटत गेलं. कागदांची देवाणघेवाण थांबते तिथेच शत्रू आत शिरतो.

ड्रॅक्युलालाही ते कळलेलं आहे. पुढच्या एका रात्री तो हस्तलिखितं आगीत टाकतो, मेणाची नळकांडी जाळतो. पण एक प्रत तिजोरीत असते. मीनाने टाइप केलेली.

पुढेही तीच मार्ग काढते. ड्रॅक्युलाने आपलं रक्त पाजल्यामुळे त्याच्याशी जडलेल्या नात्याचा उपयोग करून त्याचा माग काढावा, पहाटे आपल्याला संमोहित करावं, हे तिचंच म्हणणं. तो परत कोणत्या वाटेने जाईल, रस्त्याने, रेल्वेने की पाण्याने, याचा एकेक पर्याय ती लिहून तपासते आणि सेरेत नदीवर बोट ठेवते. ती बरोबर ठरते.

आता चित्रपट पाहा. १९३१ मध्ये ती बहुतांशी काउंटचं भक्ष्य आहे. १९५८ च्या हॅमर कंपनीच्या चित्रपटात ती आर्थरची, म्हणजे पुस्तकातल्या लूसीच्या वाग्दत्त वराची, बायको, वाचवण्याजोगी. १९९२ मध्ये कोपोलाने स्टोकरचं नाव शीर्षकात घातलं आणि मीनाला काउंटच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म केलं. तो चित्रपट देखणा आहे, एइको इशिओकाचे पोशाख ऑस्करच्या मानाचेच होते. पण पुस्तकात मीनाला काउंटविषयी कीव वाटते, प्रेम नव्हे.

५. रूपांतराने मूळ सोडलं तर सोडू द्यावं, त्याच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं हवं.

'नोस्फेरातू' परवानगीविना काढलेला होता. स्टोकरच्या विधवेने, फ्लॉरेन्सने, खटला लढवला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही उरल्या, हे आपलं भाग्य. त्यातला काउंट उंदीर आणि प्लेग घेऊन गावात येतो. महायुद्ध आणि साथ भोगलेल्या देशाचीच ती भीती होती. हॅमरच्या चित्रपटातला ड्रॅक्युला, ख्रिस्तोफर ली, पडद्यावर बोलतो थोडं, पण रंगीत रक्त आणि सुळे त्याने मनात कायमचे रुजवले. स्टीफन किंगने तीच कल्पना अमेरिकेतल्या छोट्या गावात 'सेलम्स लॉट'मध्ये नेली आणि नारायण धारपांनी त्यावरून मराठीत 'लुचाई' लिहिली. काउंट नाही, पण कुणाच्या तरी दारात हळूहळू उतरणारी तीच सावली आहे.

स्टोकर १९१२ मध्ये गेला. पुस्तकावर कुणाचा हक्क उरलेला नाही, मूळ इंग्रजी फुकट मिळतं. चित्रपट पाहिले असतील तरी एकदा ते वाचा, आणि सतरा ते एकवीस ही प्रकरणं एका बैठकीत वाचा.