बोटीचं इंजिन दम सोडतंय? पार्ट बदलण्याआधी ही तपासणी करा



कोकण किनाऱ्यावर बोटिंगचा व्यवसाय करायचा म्हणणारे, आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याची सेवा सुरू करू पाहणारे, अशा दोघांसाठी आजचा धडा आहे. प्रश्न एकच: मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे आपलं ओबीएम, सुरू तर होतं, पण ताकद देत नाही. अशा वेळी काय करायचं?

आधी पैशाचं गणित बघू. समजा, देवबागला तुमची आठ माणसांची बोट आहे. माणशी ३०० रुपये धरले तर एका फेरीचे २४०० आणि दिवसाच्या चार फेऱ्यांचे ९६०० रुपये. डिसेंबरच्या सुट्टीत इंजिन तीन दिवस बंद राहिलं तर २८,८०० रुपयांचा धंदा गेला. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे सीझन मुळात आठ महिन्यांचा. त्यातले गर्दीचे दिवस मोजकेच. म्हणून बिघाड लवकर ओळखता येणं ही बोटीच्या धंद्यातली कमाईच आहे.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर ओहोटीचा ओढ जोरात असतो. तिथे इंजिनाने दम सोडला, तर बोटीतली आठ माणसं तुमच्या भरवशावर असतात.

आधी नांगर, मग निदान

पाण्यात असताना ताकद कमी झाली की लगेच झाकण उघडायला धावू नका. जेवढी ताकद उरली आहे तेवढ्यात खडकापासून आणि लाटा फुटतात त्या जागेपासून लांब व्हा. नांगर टाका. सगळ्यांचे लाईफ जॅकेट नीट बांधलेत का ते बघा. जवळच्या बोटवाल्याला फोन करा. खरंच धोका असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे, तो प्रत्येक तांडेलाच्या मोबाईलमध्ये सेव्ह हवा. नंतरच इंजिनाकडे वळा.

पहिला प्रश्न: इंजिनाचा आवाज काय सांगतो?

थ्रॉटल पूर्ण दिला, तेव्हा काय होतं?

* इंजिन जोरात गरजतं, पण बोट पुढे जात नाही. म्हणजे इंजिन ताकद देतंय, ती पाण्यापर्यंत पोचत नाही. दोष पंख्याच्या बाजूला.
* इंजिनच वर चढत नाही, घुटमळतं, दबून चालतं. म्हणजे पेट्रोल, स्पार्क, थंडावा किंवा जास्तीचं वजन यातलं काहीतरी.

या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. बरेच जण हा प्रश्न न विचारता थेट कार्बोरेटर उघडतात आणि तिथेच दिवस घालवतात.

आवाज मोठा, वेग नाही: पंखा बघा

इंजिन बंद करा, किल स्विचची दोरी काढून खिशात ठेवा, मग इंजिन वर उचला. जाळ्याचा तुकडा, नायलॉनची दोरी किंवा प्लास्टिकची पिशवी पंख्यात गुंडाळली आहे का? पात्याची धार वाळूने झिजली किंवा खडकाने वाकली आहे का?

वरून पंखा ठीक दिसत असेल तर आतलं रबरी बुश तपासा. पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये हे बुश असतं. खडकाचा धक्का बसला तर गिअर वाचावेत म्हणून ते सरकतं. एकदा सैल झालं की हळू वेगात बोट नीट चालते आणि जोर दिला की बुश घसरतं. खूण करून बघा: पंख्याच्या मधल्या भागावर आणि शाफ्टच्या टोकावर एकाच रेषेत रंगाचा ठिपका द्या, एक फेरी मारून या. ठिपके सरकले असतील तर बुश गेलं.

तिसरं कारण, पंखा हवा ओढतोय. इंजिन फार उंच बसवलं असेल किंवा जास्त तिरपं असेल तर हे होतं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत हवी.

इंजिन दबतंय: सुरुवात पेट्रोलपासून

इथे नियम असा: फुकटातलं आधी, महागातलं शेवटी.

१) टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर टाकीतून पेट्रोल जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही. इंजिन मस्त सुरू होतं, थोडा वेळ पळतं, मग मरगळतं. स्क्रू सैल केल्यावर आत हवा शिरल्याचा 'फुस्स' आवाज आला, तर चोर सापडला. खर्च शून्य.

२) पाईपमधला रबरी पंप-बल्ब. इंजिन दबल्यावर हा बल्ब हाताने दाबत राहा. त्याने ताकद परत आली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय: इंजिनाचा फ्युएल पंप कमजोर, किंवा पाईप कुठेतरी हवा ओढतोय. बल्ब चपटा होऊन चिकटला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. बल्बवरचा बाण इंजिनाकडे आहे ना, तेही बघा.

३) दुसरी टाकी लावून पाहा. चांगली चालणारी टाकी आणि तिचाच पाईप जोडा. इंजिन सुधारलं तर दोष तुमच्या टाकीत किंवा पाईपमध्ये. नाही सुधारलं तर दोष इंजिनात. दुरुस्तीचं काम करणाऱ्याने स्वतःची अशी एक टाकी कायम सोबत ठेवावी. सगळ्यात जास्त वेळ वाचवणारं हे अवजार आहे.

४) पेट्रोलमध्ये पाणी. फिल्टरमधलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या, दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी खाली बसतं आणि मध्ये स्पष्ट रेषा दिसते. आता पंपावर मिळतं त्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं, नेमकं जिथून इंजिन पेट्रोल ओढतं तिथे. म्हणून पावसाळ्याआधीचं पेट्रोल सप्टेंबरनंतर वापरू नका. खराब पेट्रोल समुद्रात मात्र ओतू नका.

५) कार्बोरेटर. हळू चालतं, पण थ्रॉटल दिला की बसतं, तर मुख्य जेट तुंबल्याची शक्यता मोठी. उलट, जोरात चालतं आणि हळू केलं की बंद पडतं, तर आयडल जेट. आणखी एक खूण: चालू इंजिनाचा चोक क्षणभर थोडासा ओढला आणि ताकद वाढली, तर पेट्रोल कमी पोचतंय हे नक्की.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑइलचं प्रमाण मापानेच घाला. ५०:१ म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली. तुमच्या इंजिनाचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं, ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनासाठी असतं. बाईकचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून घालू नका.

स्पार्क: एक सिलिंडर झोपलाय का?

दोन सिलिंडरपैकी एकच चालत असेल तर इंजिन थरथरतं आणि ताकद अर्ध्याहून कमी होते. इंजिन बंद करून दोन्ही प्लग काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा ओला काळा असेल, तर ओल्या प्लगचा सिलिंडर पेटत नाही.

आता दोन्ही प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर प्लग खराब. दोष जागचा हलला नाही तर कॅप, वायर किंवा कॉइल बघायची. खाऱ्या हवेने कनेक्शन हिरवी पडतात, ती आधी साफ करा. स्पार्क बघायला टेस्टर वापरा. पेट्रोलची वाफ असताना उघड्यावर ठिणगी पाडून बघणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पाण्याची धार: इंजिनाची नाडी

इंजिन चालू असताना बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते. धार बारीक झाली, थांबली किंवा तिची वाफ यायला लागली, तर इंजिन लगेच बंद करा. बऱ्याच नव्या इंजिनांमध्ये गरम झालं की बजर वाजतो आणि वेग आपोआप खाली येतो. तो बिघाड वाटतो, पण इंजिन स्वतःला वाचवत असतं. तसंच रेटलं तर पिस्टन जाम होईल.

क्रम असा: आधी धारेच्या भोकात पातळ तार घालून साफ करा. मग खालची पाणी घेण्याची जाळी बघा, तिथे प्लास्टिक किंवा शेवाळ अडकतं. तरीही धार नाही, तर आतला रबरी इम्पेलर. देवबाग-तारकर्लीच्या वाळूच्या उथळ पाण्यात तो लवकर झिजतो, म्हणून दर सीझनआधी तपासा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदही सुरू करू नका. किनाऱ्यावर टेस्ट करायची तर पाण्याने भरलेला पिंप वापरा. रोजचं काम संपल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवा.

इंजिन ठीक, ओझं जास्त

सगळं तपासलं आणि काहीच सापडलं नाही? मग बोट बघा. तळाला शिंपल्या आणि शेवाळ चढलंय का? तळात पाणी साठलंय का? दोन माणसं जादा बसवली का? परवान्यापेक्षा जास्त माणसं घेणं बेकायदा आणि धोक्याचं तर आहेच, शिवाय इंजिनही त्याने लवकर संपतं.

यानंतर उरतं ते कॉम्प्रेशन. गेज लावून दोन्ही सिलिंडर मोजा. दोघांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काम वर्कशॉपचं. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट झालं असेल तर सीलमधून पाणी शिरतंय, तेही वर्कशॉपलाच.

आता यातून व्यवसाय कसा उभा राहतो?

दुरुस्ती सेवा सुरू करणाऱ्यांनी तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून ठेवा.

तपासणीची फी वेगळी लावा. तुमची कमाई फक्त पार्ट विकण्यावर असेल, तर हवेचा स्क्रू सैल करून दिलेल्या दिवशी तुम्हाला काहीच मिळत नाही. मग नको तो पार्ट बदलायचा मोह होतो. "तपासणीचे एवढे, पार्ट लागला तर त्याचे वेगळे" हे आधीच सांगा. जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. गावात मेकॅनिकचं नाव असंच होतं, आणि बिघडतंही असंच.

प्रत्येक इंजिनाची वही ठेवा. तारीख, तक्रार, काय सापडलं, काय बदललं. दोन सीझनमध्ये तुम्हाला कळेल कोणत्या बोटीला कधी इम्पेलर लागणार. मग गिऱ्हाईकाने बोलवायच्या आधी तुम्ही फोन करू शकता.

पावसाळा रिकामा घालवू नका. किनाऱ्यावर ओढलेली प्रत्येक बोट म्हणजे वार्षिक सर्व्हिसचं काम. कार्बोरेटर रिकामा करणं, गिअर ऑइल, इम्पेलर, ग्रीस याचं पॅकेज मे महिन्यातच विका.

बोट चालवणाऱ्यांनी डब्यात ठेवायचं सामान: दोन प्लग, प्लग पाना, फिल्टर, पंप-बल्बसह पाईप, पंख्याची पिन आणि नट, पातळ तार, काचेची बाटली, किल स्विचची जादा दोरी.

आजचा गृहपाठ: या लेखातला तपासणीचा क्रम एका कागदावर लिहा, प्लास्टिकमध्ये घाला आणि टाकीच्या झाकणाला बांधा. मग बोट धक्क्याला बांधलेली असताना हवेचा स्क्रू मुद्दाम बंद करून इंजिन चालवा. ते कसं मरगळतं, बल्ब कसा चपटा होतो, हे एकदा डोळ्यांनी आणि कानांनी ओळखून ठेवा. स्क्रू परत उघडायला विसरू नका!

भेटू पुढच्या धड्यात. तोवर धंदा जपा, आणि बोटीतली माणसं त्याहून जास्त जपा.